टेपचं दुसरं टोक

अहो, ऐकलंत का? जरा भिंतीशी या. मोठ्यानं बोलायची सोय नाही, वरच्या मजल्याची खिडकी उघडी आहे.

काल रात्री मागच्या इमारतीचे सेक्रेटरी आमच्याकडे आले होते. हो हो, तेच! गेली सहा वर्षं जिन्यात भेटलं की मान फिरवणारे. हातात बाकरवडीचा पुडा आणि तोंडभर हसू. "वहिनी, कसं काय?" म्हणे. मी दाराची कडी धरून तशीच उभी. आत येऊन बसले आणि सांगायला लागले की पूर्वेची इमारत रीडेव्हलपमेंटला जातेय, तिचा बिल्डर भिंत बांधताना आपल्या दोघांच्या हद्दीत सरकल्याशिवाय राहणार नाही, तर आपण दोन्ही सोसायट्यांनी एक व्हावं. आमचे हे तर विरघळलेच. "युनिटी पाहिजे, युनिटी!" आणि मला चहाची खूण.

आता गंमत ऐका. नेमके त्याच वेळी आमचे मामेसासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत. वय शहाऐंशी, पण अजून भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन कागद चाळतात. इतका वेळ डोळे मिटून होते. त्यांनी एक बाकरवडी उचलली, नीट चावली, आणि म्हणाले, "नानांनीही हेच केलं होतं. १७९० साली." बस्स. पुढे काही नाही. सेक्रेटरींचा चेहरा असा उतरला म्हणून सांगू! त्यांना वाटलं, नाना म्हणजे आमचे आधीचे चेअरमन. मामांचे नाना म्हणजे पेशव्यांचे कारभारी, नाना फडणवीस!

ते गेल्यावर मामा साडेअकरापर्यंत बोलत बसले. मला तर झोपच नाही आली. आपण रोज शनिवारवाड्यावरून भाजी आणतो, पण आत काय काय शिजलं होतं…

तर काय सांगत होते, टिपू. म्हैसूरचा टिपू सुलतान. टिपूनं सगळ्यांना जेरीला आणलं होतं, हे तुम्हाला माहीतच आहे. नरगुंदकर भाव्यांकडून त्यानं जास्तीची खंडणी मागितली, मग किल्लाच घेतला, व्यंकटराव भाव्यांना कैदेत टाकलं. पेशव्यांचे सरदार पटवर्धन आणि हे भावे यांचे संबंध, मग पटवर्धन गप्प बसतात होय? नाना यादगीरला जाऊन निजामाला भेटून आलेलेच होते १७८४ मध्ये. दोघांनी मिळून चढाई केली, बदामी घेतली. पण निजाम नबाब मोहिमेच्या मध्यातच फौजेतला काही भाग ठेवून हैदराबादला परतले. अहो, घरचं कार्य असावं तसे! शेवटी १७८७ मध्ये गजेंद्रगडला तह. टिपूनं अठ्ठेचाळीस लाख कबूल केले, बदामी-नरगुंद सोडलं, आणि सगळे घरोघरी. पण मनातली अढी जाते का?

आणि या सगळ्यात तो तिसरा. मॅलेट. चार्ल्स मॅलेट हो, इंग्रजांचा वकील, १७८६ मध्ये पुण्यात आला तो. त्याच्या येण्याचीच केवढी गोष्ट आहे! पाटीलबावांना म्हणजे महादजी शिंद्यांना तो पुण्यात यायलाच नको होता. इंग्रजांशी काय बोलायचं ते माझ्यामार्फत, असा त्यांचा हिशेब. म्हणून मॅलेटला आधी उत्तरेत त्यांच्या छावणीत जाऊन त्यांना राजी करावं लागलं. सुनेला माहेरी जाण्याआधी आत्याबाईंची परवानगी घ्यावी लागते ना, तसं. मग आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहिला. बाग काय, घोडे काय, हत्ती काय. घरात अंबर कौर नावाची बाई, तिची मुलंबाळं. सगळ्या पेठा बोलत असणार, आणि नाना सगळं ऐकत असणार. त्यांच्याइतकी खबर कुणाकडे होती?

आता मामांनी जे सांगितलं त्यावर मी उठून बसले. टिपूचा बाप हैदर, त्याच हैदरला बरोबर घेऊन नानांनी दहाच वर्षं आधी इंग्रजांविरुद्ध चौघांची फळी उभी केली होती! पेशवे, हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले. इंग्रजांनी काय केलं? भोसल्यांना पैसे चारले. निजामाला गुंटूर परत देऊन गप्प केलं. लढत राहिले ते हैदर आणि नाना, आणि नानांनीही १७८२ मध्ये सालबाईचा तह मान्य केला. म्हणजे बघा, काल ज्याच्याविरुद्ध एक झाले, आज त्याच्याचबरोबर, आणि काल जो बरोबर होता त्याच्या मुलाविरुद्ध. मी मामांना म्हटलं, "अहो, लाज नाही वाटली?" तर म्हणतात, "राज्यात लाज नसते, तहनामा असतो."

हां, तर १७८९ च्या डिसेंबरात टिपूनं त्रावणकोरवर हल्ला केला. ते राज्य इंग्रजांच्या आश्रयाचं. आता इंग्रजांनाही तो खुपायला लागला. झालं! १ जून १७९० ला पुण्यात तह झाला. पेशवे, इंग्रज आणि निजाम, तिघं मिळून टिपूवर जायचं आणि जे मिळेल ते सारखं वाटून घ्यायचं. आणि त्या वेळी टिपूचे वकीलसुद्धा पुण्यातच होते! थकलेल्या खंडणीची बोलणी चालू होती ना. नाना इकडे संगमावरच्याशी बोलत आणि तिकडे टिपूच्या माणसांना बसवून ठेवत. दोन्ही चुलींवर भांडी. मला तर कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू?

आणि फायदा कुणाला? मॅलेटला पुढच्याच वर्षी सरकारनं सर केलं. या तहासाठीच. आपल्या माणसांना काय मिळालं ते पुढे सांगते.

परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला गेले. मुंबईहून कॅप्टन लिटल दोन पलटणी घेऊन मदतीला. सप्टेंबर १७९० ते एप्रिल १७९१. वेढा काही संपेना. त्या पलटणीतल्या एका इंग्रज अंमलदारानं लिहून ठेवलंय, आपले गोलंदाज तोफ भरायचे, मग सगळे मिळून बसून गप्पा आणि हुक्का, अर्ध्या तासानं तोफ डागायची, भरपूर धूळ उडाली की समाधान, पुन्हा भरायची, पुन्हा गप्पा. आणि ऐका, दुपारी एक ते तीन दोन्ही बाजूंच्या तोफा बंद! जेवायची वेळ म्हणून. मी म्हटलं, मामा, हे तर आपल्या दुकानांपेक्षा बरे, आपली एक ते चार बंद. पहिल्यांदाच हसले ते. पण तो साहेब काही कौतुकानं लिहीत नव्हता, हे लक्षात आलं आणि माझं हसू जरा…

बरं, दुसऱ्या बाजूला कॉर्नवॉलिस. गव्हर्नर जनरल स्वतः! श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला मे १७९१ मध्ये. पावसाळ्याचं तोंड, बैल मेले, दाणा संपला, शिपाई उपाशी. मोठमोठ्या तोफा स्वतःच्या हातानं फोडून माघारी फिरला. आणि वाटेत समोरून घोडदळ येताना दिसलं. त्यांना वाटलं टिपूच आला, बंदुका सरसावल्या. तर कोण? हरिपंततात्या फडके आणि परशुरामभाऊ! फडके हौद ज्यांच्या नावाचा ते फडके. मराठ्यांची छावणी म्हणजे चालता बाजार. धान्य, कापड, काश्मिरी शाली, इतकंच काय विलायती चाकू-कात्र्या. उपाशी इंग्रज तुटून पडले म्हणे, आणि भाव असे चढे की विचारू नका. मला तर तुळशीबागच डोळ्यांपुढे आली. आणि वर तात्यांनी साहेबाकडूनच लाखो रुपयांची उसनवारी केली, फौजेचा खर्च निघत नाही म्हणून! दाणे विकून पैसे घ्यायचे आणि वर कर्जही घ्यायचं. कोकणस्थ डोकं, नाही का? हसू नका, माझं माहेरही चिपळूणचंच आहे.

एक गोष्ट मात्र मामांनी आवाज उतरवून सांगितली. त्याच मोहिमेत आपल्या बाजूच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांचा! आणि मठाला मदतीची पत्रं कुणी लिहिली, पैसे कुणी पाठवले? टिपूनं. मी म्हटलं, मामा, हे कुणाला सांगू नका. ते म्हणाले, "कागद आहेत, वाच." मग मी विषय बदलला.

शेवटी १७९२ च्या मार्चमध्ये तह झाला. टिपूचं अर्धं राज्य गेलं आणि तीन कोटी तीस लाख रुपये. आणि पैसे येईपर्यंत दोन मुलं ओलीस. लहान हो, अजून मिसरूड न फुटलेली. कॉर्नवॉलिसनं त्यांना कसं जवळ घेतलं याची इंग्रजांनी चित्रंच्या चित्रं काढली. आई कुठे होती, तिला काय वाटलं असेल, त्याचं चित्र नाही. मला तेच सुचत राहिलं.

आपल्या वाट्याला तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख आला. नाना खूश. पण पाटीलबावा? त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात दाखल. वानवडीला तळ. त्यांना हे काही रुचलं नव्हतं, टिपूला इतका दुबळा करून इंग्रजांची वाट मोकळी करायला नको होती असं त्यांचं मत. नाना आणि ते समोरासमोर आले तेव्हा… अहो, दोघंही तोंडानं गोड. बघणाऱ्यांना घाम फुटावा. १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीलाच ते गेले. आपण दर वेळी शिंदे छत्रीला पाहुण्यांना नेतो आणि फक्त नक्षी बघतो.

तर काय सांगत होते… निजाम! तोच निजाम, जो काल बरोबर होता. टिपू दाबला गेला, आता भीती कुणाची? चौथाईच्या बाकीवरून ठिणगी पडली. निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क नानांच्या वकिलांना भर दरबारात म्हणाला म्हणे, नानांनी स्वतः इथे येऊन हिशेब समजावून सांगावा. ते कसे येतील, असं विचारल्यावर म्हणाला, कसे आणायचे ते मी दाखवतो. त्या वकिलांचे चेहरे डोळ्यांपुढे आणा! आणि ते पत्र पुण्यात वाचलं गेलं असेल तेव्हा नानांचा… अहो, नाना काही बोलले नसतील, फक्त पगडी सारखी केली असेल.

११ मार्च १७९५, खर्डा. आपल्या जामखेडजवळचं. सगळे मराठे एकत्र आले, असे पुन्हा आलेच नाहीत. निजामाबरोबर जनानखाना. बेगम घाबरल्या म्हणून नबाबांनी रातोरात माघार घेतली, असं म्हणतात. मग पैसे आले, दौलताबाद आलं, आणि तो मशीरुल्मुल्क? स्वतःच पुण्यात आला. कैदी म्हणून. नानांना न्यायला निघालेला! आणि इंग्रज? तिघांच्या तहातला तिसरा? त्यांचा नवा गव्हर्नर जनरल जॉन शोअर म्हणाला, आम्ही दोघांचेही मित्र, आम्ही मध्ये पडत नाही. निजामाचा चेहरा कसा झाला असेल? तोच चेहरा घेऊन त्यानं १७९८ मध्ये इंग्रजांची फौजच कायमची पदरी घेतली. पुढच्या वर्षी ४ मे ला टिपू मारला गेला, आणि आपण बाजूला बसून बघत होतो. टिपूच्या राज्यातला एक तुकडा इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावापुढे धरला, पण अटी लावून. त्यानं नाही म्हटलं. आणि तीनच वर्षांनी वसईला जाऊन इंग्रजांच्याच तहावर सही केली, १८०२ च्या ३१ डिसेंबरला. तेव्हा नाना नव्हतेच, १८०० मध्येच गेले.

मॅलेट मात्र सुखात हो! जेम्स वेल्स नावाचा चित्रकार पुण्यात आला होता, त्यानं नानांचं, सवाई माधवरावांचं चित्र काढलं, वाड्यात चित्रशाळा काढली, आपला चित्रकार गंगाराम तांबट तिथलाच. तो वेल्स वारला आणि मॅलेटनं पुढे विलायतेत त्याच्याच मुलीशी लग्न केलं. सुझानाशी. अंबर कौरचं काय झालं ते कोण विचारतो? आणि तहाचा तो दरबार, गणपती रंगमहालातला, त्याचं मोठं चित्र थॉमस डॅनिएलनं १८०५ मध्ये पुरं केलं. ते आता लंडनच्या टेट गॅलरीकडे. रंगमहाल इथे १८२८ च्या आगीत जळला, चित्र तिथे शाबूत. आपल्या घरचं बारसं आणि अल्बम शेजाऱ्याकडे!

अहो, दूध उतू जाईल, जाते मी. पण ज्यासाठी हाक मारली ते राहिलंच की. आज सकाळी सहा वाजता मी तुळशीला पाणी घालत होते. बघते तर मागचे सेक्रेटरी आमच्याच भिंतीशी वाकून टेप लावतायत. म्हटलं, युनिटीचं काम सुरू झालं वाटतं, कौतुकानं पुढे झाले. टेप ताणलेली होती, पार कोपऱ्यापर्यंत, मधुमालतीच्या वेलाआडून. एक टोक सेक्रेटरींच्या हातात. आणि दुसरं टोक? ओळखा बघू. पूर्वेच्या इमारतीचे चेअरमन! मला बघितल्यावर टेप अशी सर्रकन सुटली, आणि सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, बाकरवडी कशी होती?"