दारशास्त्री

नवापूरला घर बांधायला काढलं, की एक माणूस न बोलावता येतो. तो वाळू पुरवत नाही, कर्ज मिळवून देत नाही. तो दारशास्त्री. चहा घेतो आणि घरमालकाची झोप घेऊन जातो.

वय साठीच्या पुढे, तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त. आयुष्यात रंधा कधी हातात धरलेला नाही, त्यामुळे मतं अगदी ठाम. वास्तुशांतीला लोक आधी देवाला हात जोडतात. हा सताड उघड्या दारावर टकटक करतो. "पोकळ आहे, भाऊ," असं म्हणून प्रसादाला हात पुढे करतो. मग उकिडवा बसून दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवतो. पाव्हण्यांना वाटतं, काहीतरी पडलंय. "खालून पॉलिशच मारलेलं नाही!" यजमानांच्या पोटातले लाडू तिथेच घट्ट होतात.

बोईसरच्या दुकानात तो बरोबर असला की दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा होतो. वहिनींना दारावर कोरलेला गणपती हवा असतो, भाऊंना सवलत.

"प्युअर सागवान आहे, साहेब."

"कुठला? बल्लारशाचा, बर्माचा, की घानाचा?"

"सागवानाचाच, काका."

काका गणपतीकडे ढुंकूनही बघत नाहीत. दार आडवं करायला लावतात आणि कडेचं लाकूड तपासतात. गाभा तपकिरी, कडेला पांढरट पट्टा दिसला, तर तो वाळवीसाठी वाढलेलं ताट. मग विचारतात, "लाकूड वाळवलंय किती?" दुकानदार सांगतो, "कालच आलंय." सौदा तिथेच मोडतो.

नवापूरला हे सगळं लागतं, हेही खरंच. समोर समुद्र, वारा खारा आणि आषाढात पाऊस आडवा. दर्शनी दार असल्या वाऱ्यापावसाला तोंड देतं. लाकूड ओल पितं, फुगतं. पण फुगतं रुंदीला, उंचीला जवळजवळ नाहीच. म्हणून शास्त्रीबुवांचा हुकूम असा: चौकटीशी बाजूला फट सोडा, पॅनल खाचेत ठोकून चिकटवू नका, त्याला हलायला जागा द्या. बिजागऱ्या पितळी, नाहीतर ३१६ नंबरच्या स्टीलच्या. साध्या लोखंडाच्या लावल्या तर गंजाचे ओघळ पॉलिशवर उतरतात. आणि दारावर छज्जा हवाच. "गणपती कोरायच्या पैशात छज्जा होतो, वहिनी. देवाला भिजवता कशाला?"

उंबरठा ओलांडला की हाच माणूस कमालीचा कंजूष होतो. "बेडरूमला साग? आत पाऊस पडतो काय?" तिथे भरीव फ्लश डोअर, आयएस २२०२ चा शिक्का बघून. न्हाणीघराला तर लाकूड नकोच; पीव्हीसी किंवा फायबर. असे वाचवलेले पैसे तो दर्शनी दाराला लावतो. पैसे दुसऱ्याचे असल्यामुळे हिशेब पटापट होतो.

त्याच्या स्वतःच्या घराला जुनं सागवानी दार आहे, वडिलांनी बसवलेलं. त्याचं कौतुक केलं की काकू आतून म्हणतात, "ह्यांनी निवडलेलं नाही ना, म्हणून टिकलं." शास्त्रीबुवांना तेवढ्यापुरतं ऐकू येत नाही.

श्रावणात आळीतली दारं अडकू लागतात. जावई खांद्याने दार ढकलतात, सासूबाई मागच्या दाराने येतात. मग काकांना निरोप जातो. "मी सांगितलं होतं," असं ते घरमालकाला म्हणत नाहीत. बाकी सगळ्या आळीला सांगतात.

तुमच्या गावातल्या दारशास्त्र्याचं निम्मं बोलणं खुशाल सोडून द्या, दोन गोष्टी मात्र ऐका. दार बिजागरीवर चढवण्याआधी वरच्या आणि खालच्या कडेलाही पॉलिश मारून घ्या, कारण दार टांगल्यावर खालून कोणी बघत नाही आणि ओल तिथूनच शिरते. आणि पावसाळ्यात अडकलेल्या दारावर लगेच रंधा मारू नका. दिवाळीपर्यंत थांबा, लाकूड वाळलं की ते बहुधा आपसूक जागेवर येतं. तोवर काकांना चहा पाजा. सुतारापेक्षा स्वस्त पडतं.