सोडतीचा पंप

2024 मध्ये कापूस-सोयाबीन उत्पादकांना बॅटरीचे फवारणी पंप शंभर टक्के अनुदानावर द्यायचे ठरले. निवड राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, संगणकाच्या सोडतीने. जळगाव-धुळ्यात कापूस घरोघर. पंप मात्र नशिबात असेल त्याला. तरी न्याय झालाच म्हणायचा, कारण संगणकाला ना भाऊबंद, ना साडू!

2025 मध्ये सोडत गेली आणि ‘आधी अर्ज, आधी लाभ’ आलं. म्हणजे नशिबाची जागा रेंजने घेतली. मोबाइल घेऊन गच्चीवर चढलेला पहिला, वेचणीला गेलेला शेवटचा.

पंप कोणाला, यावर एवढा खल. पण एका चार्जिंगमध्ये किती टाक्या फवारून होतात, खांद्याला पट्टा काचतो का, हे पंपवाल्याला विचारायला बांधावर कोण येतं? त्यासाठीही सोडत काढा की, भाऊ!