दुबई कशी करावी : सीबीडी बेलापूरकरांसाठी बाळबोध मार्गदर्शिका

तुमच्या सोसायटीत दुबईला न गेलेलं एकच कुटुंब उरलं असेल आणि ते तुमचंच असेल, तर खचून जाऊ नका. पूर्वी काशीहून परतलं की मावंदं घालावं लागे. दुबईहून परतल्यावर फक्त खजूर वाटायचे असतात. उद्देश तेवढा पक्का ठेवा. दुबई समजून घ्यायला तिथं लाखो माणसं राहतात. आपल्याला ती चार रात्री, पाच दिवसांत उरकून यायची आहे, आणि शक्यतो तिचा धक्का न लागता.

१. महिना निवडा

मे उत्तम. शाळेला सुट्टी असते आणि पॅकेज स्वस्त असतं. स्वस्त का असतं, हे टूरवाल्याला विचारू नका. तिथं तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो आणि हे त्यालाही ठाऊक असतं. बेलापूर स्टेशनातून कोकण भवनापर्यंत चालताना शर्ट भिजणाऱ्यांनी घाबरू नये. तुम्ही हॉटेलातून बसमध्ये आणि बसमधून मॉलमध्ये जाणार आहात. तरी उकडलंच, तर मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून बर्फाची टेकडी तयार आहे. वाळवंटात जाऊन कुडकुडल्याचा फोटो काढा. पैसे तिथंच वसूल.

२. बॅग भरा

चकली, चिवडा, लोणचं, मेतकूट ही किमान शिदोरी. अनारसे मात्र घरी ठेवा. अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत मोडते. अनारसे गेले, खसखस घातलेल्या करंज्या गेल्या, आणि घरच्या गोडा मसाल्यात काय काय पडलंय याचीही चौकशी करा. ही बातमी आजींना सांगायचं काम जावयावर सोपवा. त्याचं तसंही फार काही बिघडत नाही.

३. विमान गाठा

उलव्याची टेकडी कापून आणि नदी वळवून केलेला आपला विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला. विमान तिथून असो की सहारहून, दुबई साधारण तीन तासांवर आहे. शुक्रवारी संध्याकाळी बेलापूरहून सहारला पोचायला किती वेळ लागतो, हे या आकड्याशेजारी लिहू नका. वाईट वाटतं.

४. बुर्ज खलिफा चढा

उंची ८२८ मीटर, मजले १६३. तुमचं तिकीट १२४व्या मजल्याचं. सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट महाग असतं; सूर्य तोच, पण तो तिथून बुडताना वेगळे पैसे घेतात. वर पोचल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं आहे : "मेंटेनन्स किती येत असेल हो?" ते मोठ्यानं म्हणा. आसपासचे निम्मे लोक माना डोलावतील.

ही इमारत उद्घाटनाच्या दिवसापर्यंत बुर्ज दुबई होती. मंदीत दुबईचे हप्ते थकले, डिसेंबर २००९ मध्ये अबुधाबीनं १० अब्ज डॉलर दिले आणि ४ जानेवारी २०१० ला पडदा सरला तेव्हा नाव अबुधाबीच्या शेख खलिफांचं निघालं. फोटोत हे येत नाही, तेव्हा सोडून द्या. बांधकामावर राबलेल्या भारतीय मजुरांपैकी किती जण पुढं तिकीट काढून वर आले, असंही गाइडला विचारू नका. मागं पुढची बॅच उभी असते.

५. पाम जुमेराहवर जा

समुद्रात वाळू ओतून केलेलं हे खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट. त्यावर उभं राहिलं की झाड दिसत नाही. ते दिसावं म्हणून २४० मीटर उंचीवरच्या गच्चीचं वेगळं तिकीट असतं. परदेशी पाहुणे इथं हिरमुसतात. पाम बीच रोडवर उभी हयात बीच शोधण्यात घालवलेल्या माणसाला मात्र हे जड जाऊ नये.

रास अल खोरच्या अभयारण्यातले फ्लेमिंगो यादीतून काढा. ते सीवूड्सच्या तळ्यांवरही उतरतात आणि तुम्ही अजून तिकडं फिरकलेला नाहीत. दुबईतले पाहिलेत, तर सीवूड्सचेही पाहावे लागतील.

६. डेझर्ट सफारी करा

आधी काही खाऊ नका. गाडी वाळूच्या टेकड्यांवरून खाली कोसळते, पुन्हा चढते, आणि मागच्या सीटवरून रामरक्षा ऐकू येते. पुढं भाड्याचा झगा, मनगटावर ससाणा, उंटावरची अर्ध्या मिनिटाची फेरी आणि मग तंबूत बुफे. वाळवंटातल्या बेदुइनांच्या या पारंपरिक जेवणात पनीर आणि जैन काउंटर असतो. त्यानंतर इजिप्तकडचा बेली डान्स. तो सुरू झाला की काकूंनी चहाची चौकशी करावी आणि काकांनी चष्मा पुसावा. व्हिडिओ भाच्यानं काढावा आणि फॅमिली ग्रुपवर टाकू नये.

७. खाडी टाळा

हे कलम दोनदा वाचा, कारण दुबईत धोका असलाच तर इथं आहे. बर दुबई आणि देइरा यांच्यामधून खाडी जाते. 'अब्रा' नावाची लाकडी होडी एका दिरहमला पलीकडं नेते. इतक्या स्वस्त गोष्टीत कमिशन सुटत नाही, म्हणून ती बऱ्याच पॅकेजांत नसते. चुकून बसलात, तर कुणीतरी इतिहास सांगू लागेल आणि तो नेमका तुमच्याच घरापर्यंत येईल.

दुबई तेलानं उभी राहिली असं तुम्हाला वाटतं ना? तेल सापडलं १९६६ साली. त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तिथल्या शेखांनी जकात उठवली आणि इराणच्या किनाऱ्यावरचे व्यापारी या खाडीवर येऊन वसले. आखातातल्या पाणबुड्यांनी काढलेले मोती मुंबईच्या बाजारात येत. इथं ते निवडले जात, विंधले जात आणि पुढं पॅरिस-लंडनला जात. जपानी पैदाशीचे मोती आले आणि तो धंदा बसला. दुबईतलं पहिलं पोस्ट ऑफिस १९०९ सालचं, तेही हिंदुस्थानी टपालखात्याचं. आणि चलन? आपला रुपया.

मग सोनं आलं. दुबईत ते राजरोस उतरे. तिथून दहा तोळ्यांची बिस्किटं लाँचमधून कोकणच्या किनाऱ्याला लागत. इथून गेलेले रुपये आखातातल्या बँकांमार्फत परत येत आणि बदल्यात पौंड मागत. गंगाजळी आटू लागली, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईनं त्याला रामराम ठोकला. रिझर्व्ह बँकेच्या सीबीडीतल्या इमारतीवरून तुम्ही रोज जाता. तिथं नजर वर करायची सवय असती, तर एवढं लांब यायची गरज पडली नसती.

इथून पुढं डोकं भलतीकडं धावतं. बेलापूरलाही खाडी आहे. सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे ज्यासाठी भांडले, त्या किल्ल्याचे अवशेष महापालिकेच्या मुख्यालयापासून जवळच आहेत. दुबईनं जेबेल अली बंदर १९७९ साली केलं, आपण न्हावा शेवा १९८९ साली. आज तिथली दोन टर्मिनलं दुबईचीच कंपनी चालवते. बेलापूर जेट्टीवरून १७ फेब्रुवारी २०२२ ला वॉटर टॅक्सी सुरू झाली, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर किती वेळा बसलात? बघा, म्हणून म्हटलं, खाडी टाळा.

८. सोनं घ्या

देइराच्या गोल्ड सूकमध्ये जवळपास ६४ किलोंची अंगठी ठेवली आहे. तिच्यासमोर उभं राहून तोळ्याचा भाव विचारा. दुकानदार ग्रॅमचा सांगेल; घडणावळीवर घासाघीस करा, तो हिंदीत उत्तर देईल. परतताना मात्र जपा. बाईमाणसाला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात, हे सोसायटीत ऐकलेलं खरं आहे. फक्त ते परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्यांसाठी आहे. मॉलमध्ये पाच दिवस वर्षासारखे वाटले, ही सबब कस्टम्स ऐकत नाही. त्यातून जुलै २०२४ मध्ये भारतानं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आणलं, तेव्हा दरातला फरकही बारीक झाला. तरी घ्या. 'दुबईचं सोनं' म्हणून सांगताना जे वजन येतं, ते काट्यावर दिसत नाही.

हिशेब सोपा ठेवा : दिरहमला पंचवीसनं गुणा. हा गुणाकार फक्त पहिल्या दिवशी करा. दुबईच्या करामा भागातला वडापाव खाल्ल्यावर तो आपोआप बंद होतो.

९. तज्ज्ञ व्हा

परत आलात. आता मुख्य काम. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत लिफ्ट, पार्किंग, टँकर, काहीही निघालं की म्हणा, "दुबईत असं चालत नाही." पुढं काही बोलू नका, तिथं काय चालतं हे तुम्ही कुठं पाहिलंय? तिथल्या मेट्रोचं कौतुक करा, ती ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे, असं कुणी मध्येच सांगितलं तर "अच्छा, कुठून सुटते?" असं विचारून स्थितप्रज्ञ राहा.

शेवटी एखादे आजोबा हमखास निघतील. ते विचारतील, "दुबईत पूर्वी आपला रुपया चालायचा म्हणे, खरं का?" डगमगू नका. खजुराचा डबा त्यांच्या पुढं करा आणि सांगा, "काही कल्पना नाही काका. आम्ही सगळीकडं कार्ड वापरलं."