वांग्याचं प्रपोजल

मार्गशीर्ष लागला की जळगाव जिल्ह्यात कोणाला स्वतःचं शेत आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. कोणाच्या ना कोणाच्या मळ्यात भरीत-पार्टीचं आवतण असतंच. बामणोदची किंवा आसोद्याची हिरवट-पांढरी, चांगली दांडगी वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर काळीठिक्कर होईस्तोवर भाजायची, सोलायची, हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायची, वर कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. २०१६ साली या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हे वांगं आमचं, हे सरकारनंही मान्य केलं.

आता प्रश्न असा, की तेच वांगं, तीच मिरची, तोच हात. पण घरी गॅसवर भाजलं की ती चव येत नाही. का येत नाही?

घरात विचारलं तर उत्तर लगेच मिळतं, "धुराची चव असते ती." पण मी रसायनशास्त्र शिकवतो. धुरात नेमकं काय, असा पुढचा प्रश्न मला पडतो, आणि तो पडू नये म्हणून घरचे लोक मला जेवताना बोलू देत नाहीत. पऱ्हाटी म्हणजे लाकूड. लाकडात लिग्निन असतं. ते जळताना ग्वायाकोल, सिरिंगोल अशी धुरकट वासाची फिनॉलं तयार होतात. गॅस बिचारा जळून जळून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ देणार. तेव्हा बहुधा ग्वायाकोलच. पण 'बहुधा' म्हटलं की संशोधन आलं, आणि संशोधन आलं की जीसी-एमएस नावाचं यंत्र आलं, ज्याच्या किमतीत जळगावात बऱ्यापैकी फ्लॅट येतो.

म्हणून ग्रँट शोधायला निघालो.

आमच्या आधीच्या पिढीचं बरं होतं. यूजीसीचे मायनर रिसर्च प्रोजेक्ट होते. बाराव्या योजनेत, म्हणजे २०१२ ते २०१७ मध्ये, विज्ञानाला पाच लाखांपर्यंत आणि मानव्यशाखांना तीन लाखांपर्यंत मिळत. त्या काळात खानदेशातल्या प्रत्येक कॉलेजात एक तरी मायनर प्रोजेक्ट, एक संगणक आणि त्या संगणकावर घातलेलं एक प्लॅस्टिकचं आवरण असे. यंत्र जुनं झालं तरी आवरण काढायचं नाही, कारण डेड स्टॉक रजिस्टरमध्ये दोन्हींची नोंद. पुढं ती योजना आटली. मग दिल्लीत अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. कायदा २०२३ चा, आणि संशोधनाला पैसे देणारं जुनं मंडळ एसईआरबी त्यात विलीन. पाच वर्षांसाठी पन्नास हजार कोटींचं स्वप्न, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, म्हणजे उद्योगांकडून वगैरे यायचा. पन्नास हजार कोटी हा आकडा ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग इतिहासवाले सर म्हणाले, "त्यात आपल्याला चहाचं बघा."

या फाउंडेशनची एक छान योजना आहे, कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्या संशोधकांसाठी. तीन वर्षांत साठ लाखांपर्यंत. वयाची अट बेचाळीस. आता महाराष्ट्रातल्या कॉलेजातला मास्तर आधी तासिका तत्त्वावर घासतो. जून ते मार्च घड्याळी तास, एप्रिल-मेमध्ये घरच्या शेतात केळीला पाणी, पुन्हा जूनमध्ये मुलाखत. असं करत करत कायम होतो तेव्हा डोक्यावर केस आणि पुढं 'अर्ली करिअर' दोन्ही उरलेले नसतात. माझी कारकीर्द सुरू झाली त्याच सुमाराला तिची सुरुवात संपली होती.

मग राहिलं काय? आपल्या विद्यापीठाची व्हीसीआरएमएस, राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग, समाजशास्त्रवाल्यांची आयसीएसएसआर, आणि असंख्य छोट्या-मोठ्या जाहिराती. ग्रँट शोधणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. जाहिरात दिसते तेव्हा मुदत संपायला तीन दिवस उरलेले असतात आणि त्यातला एक रविवार असतो.

याच काळात धुळ्याला एका कॉलेजात प्रपोजल-लेखनाची कार्यशाळा होती. एरंडोल, पारोळा करत एसटीनं गेलो. व्याख्याते बाहेरगावचे, फार हुशार. त्यांनी सांगितलं, प्रपोजलमध्ये तीन गोष्टी हव्यात : ऑब्जेक्टिव्ह, टाइमलाइन आणि एक्स्पेक्टेड आउटकम. मी विचारलं, "सर, आउटकम काय येईल हे माहीत असतं तर मी संशोधन कशाला केलं असतं?" ते मायेनं हसले आणि म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला ग्रँट मिळत नाही."

दुपारच्या सुट्टीत मी राजवाडे संशोधन मंडळाकडे सटकलो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं हे मंडळ उभं राहिलं. या माणसानं 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' बावीस खंडांत काढली. पहिला खंड १८९८ चा. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरची धूळ खाऊन, कोणाकोणाच्या दारात उभं राहून दप्तरं गोळा केली. आज राजवाड्यांचं प्रपोजल आलं असतं तर पहिल्याच फेरीत बाद. टाइमलाइन : आयुष्यभर. प्रवासखर्च : मिळेल त्या वाहनानं. सहकारी संशोधक : पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्वतः काढलं आणि मग तिथल्याच लोकांशी वाजलं. स्वभाव असा, की तज्ज्ञ समितीनं एखादी शंका काढली असती तर उलट समितीचीच तपासणी झाली असती.

येताना अमळनेरवरून आलो. अमळनेरला प्रतापशेठ नावाचे गिरणीमालक होते. त्यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तरुणांनी इथं राहावं, खावं-प्यावं, वेदान्त वाचावा, विचार करावा, खर्च शेठजींचा. ना कोटेशन, ना यूसी, म्हणजे खर्चाचं प्रमाणपत्र. १९२३ मध्ये तिथं पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण आला. वर्षभरात त्याचं मन त्या कोरड्या तत्त्वज्ञानातून उठलं आणि तो गावातल्याच प्रताप हायस्कुलात मास्तर झाला. आजच्या भाषेत : फेलोनं प्रोजेक्ट अर्धवट सोडला, रक्कम व्याजासह वसूल करावी. मंदिरातल्या मुक्कामाचं आउटकम म्हणावं असं काही आलंच असेल तर ते दहा वर्षांनी, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात, आणि तेही विषय सोडून : 'श्यामची आई'. फायनल रिपोर्टमध्ये हे कोणत्या रकान्यात बसवायचं?

(त्याच अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना आला, त्याची पुढं विप्रो झाली, आणि ज्या घरांनी तेव्हा शेअर घेऊन पेटीत टाकले ती घरं कोट्यधीश झाली. तत्त्वज्ञान आणि तूप यांतलं काय टिकतं यावर कोणी प्रपोजल करत असेल तर मी को-पीआय, म्हणजे सहसंशोधक, व्हायला तयार आहे.)

घरी आल्यावर प्रपोजल लिहायला घेतलं. माझं मूळ शीर्षक होतं, 'पऱ्हाटीवरच्या भरिताची चव : एक रासायनिक अभ्यास'. हे एका अनुभवी मित्राला दाखवलं. वीसेक वर्षांत त्यानं एकही प्रयोग केलेला नाही, पण प्रोजेक्ट कायम चालू असतो. तो म्हणाला, "भरीत काढ. चव तर आधी काढ." मग आम्ही दोघं बसलो. पऱ्हाट्या म्हणजे पीक-अवशेष. हंगाम संपल्यावर त्या शेतात ठेवू नका, गुलाबी बोंडअळी वाढते, असं कृषी खातं सांगतं. म्हणजे कीडनियंत्रण आलं. शेतात बायका भरीत करतात. महिला सक्षमीकरण आलं. आजीची पद्धत, भारतीय ज्ञानपरंपरा आली. शेवटी शीर्षक झालं : 'पीक-अवशेषांच्या शाश्वत औष्णिक उपयोजनातून पारंपरिक खाद्यप्रक्रियेतील बाष्पशील सुगंधद्रव्यांचे मूल्यवर्धन : विकसित भारत २०४७ च्या दिशेने एक आंतरविद्याशाखीय अभ्यास'.

बायकोनं वाचलं. म्हणाली, "अहो, पण यात वांगं कुठंय?"

शैक्षणिक अर्हतेचा रकाना भरताना मला आसोद्याच्याच एका लेकीची आठवण झाली. आमचं विद्यापीठ १९९० चं, आणि २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून घेतल्या. पुस्तक निघालं ते १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. कुठल्याही संस्थेच्या फॉर्मवर त्यांची माहिती अशी गेली असती : अर्हता, निरंक. प्रकाशित साहित्य, निरंक. पूर्वीचे प्रकल्प, शेती. शेऱ्यात लिहून आलं असतं, 'पीआय म्हणून सोपानदेवांचं नाव घालून पुन्हा पाठवावे.'

बजेटला बसलो तेव्हा यंत्र नॉन-रेकरिंगमध्ये गेलं, एक प्रोजेक्ट असिस्टंट मनुष्यबळात, आणि वांगी व पऱ्हाट्या कन्झ्युमेबल्समध्ये. वांगी कन्झ्युमेबल आहेत, हे त्या सबंध अर्जातलं मला शंभर टक्के पटलेलं एकमेव विधान. पण आमच्या हिशेबनिसांचा नियम असा, की खर्चाच्या प्रत्येक ओळीला तीन कोटेशन. केंद्राचे खरेदीचे नियम किरकोळ वस्तू कोटेशनशिवाय घेऊ देतात, हे मी त्यांना छापील दाखवलं. ते म्हणाले, "सर, नियम दिल्लीचे आहेत. ऑडिटर इथं येतो."

तेव्हा बाजारात गेलो. नेहमीच्या मावशींना म्हणालो, "मावशी, वांग्यांचं कोटेशन द्या, जीएसटी नंबर टाकून." ताज्या भाजीला जीएसटीच नाही, मग नंबर कुठून येणार, हे मला कळत होतं, पण हिशेबनीस माझ्यासोबत आले नव्हते. मावशींनी तराजू खाली ठेवला.

"सर, तुम्ही वांगे घेऊन राह्यले का कागद?"

"आज कागद. वांगी मंजुरीनंतर."

"मंजुरी कधी?"

"वर्षभरात."

"आन् भाव आजचा लिहू?" म्हणाल्या. दिल्लीपासून गल्लीपर्यंत एवढा अचूक आर्थिक प्रश्न मला कोणी विचारला नाही. शेवटी त्यांच्या नातवानं वहीच्या पानावर भाव लिहून दिला. शेजारच्या दोघांनी त्याच पानाची नक्कल करून एकेक रुपया वाढवला. जगात सगळीकडे तीन कोटेशनं अशीच तयार होतात, फक्त कागद जरा चांगला असतो.

सह्यांचं फार सांगत नाही. थ्रू प्रॉपर चॅनल म्हणजे साहेब सुटीवर. सही झाली तर शिक्का चौकोनी, हवा होता गोल. गोल शिक्का ज्या कपाटात त्याची किल्ली ज्यांच्याकडे ते परीक्षेच्या ड्युटीला चोपड्याला.

अर्ज गेला, आणि सादरीकरणाला बोलावणंही आलं. समितीत पाच जण. पहिल्यांनी विचारलं, "कंट्रोल काय?" मी म्हणालो, "गॅस." दुसऱ्यांनी विचारलं, यात एआय कुठं वापरणार? मी म्हणालो, "सगळीकडे." त्यांनी समाधानानं टिपून घेतलं. मग तिसरे, पुण्याचे, सहज म्हणाले, "भरितात दही कधी घालता, आधी की नंतर?"

मी म्हणालो, "सर, आम्ही दही घालत नाही."

"घालतच नाही?"

त्यावर चौथे, वऱ्हाडातले, म्हणाले की दही हा वांग्याचा अपमान आहे, शेंगदाण्याचं बोला. पाचव्या बाई मराठवाड्याच्या निघाल्या. पुढचा सगळा वेळ समिती एकमेकांशी बोलत होती. माझ्या सव्वीस स्लाइडपैकी पहिलीच शेवटपर्यंत पडद्यावर राहिली, त्यावर वांग्याचा फोटो होता. निघताना अध्यक्षांनी विचारलं, "नमुना आणलाय का?" मी आणला नव्हता. पण कामाचं महत्त्व समितीला पटलेलं दिसलं, एवढं खरं.

मंजुरीचं पत्र आलं. यंत्र कापलं होतं. अन्य संस्थेतील उपलब्ध सुविधा वापरावी. असिस्टंट कापला होता. विद्यार्थ्यांकडून काम करून घ्यावे. शिल्लक राहिलं ते कन्झ्युमेबल्स. म्हणजे तज्ज्ञांनी सगळा विचार करून मला वांग्यांचे पैसे मंजूर केले होते. ते खात्यात जमा झाले मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि ३१ मार्चपूर्वी खर्च करायचे, नाहीतर परत.

मार्चमध्ये भरिताच्या वांग्याचा हंगाम उतरलेला असतो आणि पऱ्हाट्या बोंडअळीच्या भीतीनं केव्हाच जाळून टाकलेल्या असतात. आमचे स्टोअरचे आबा कामाला लागले. त्यांच्या मेहुण्याच्या बांधावर पऱ्हाट्यांचा एक ढीग उरला होता आणि भावकीत कोणाकडे उशिराच्या लागवडीची वांगी निघाली. हवाबंद कुप्यांमध्ये धुराचे नमुने भरून एका मोठ्या संस्थेत तपासायला पाठवले. अजून तिथं रांगेत आहेत. उरलेल्या वांग्यांसाठी प्रपोजलमध्ये 'संवेदी मूल्यांकन' नावाचं कलम होतंच. खाद्यविज्ञानातली मान्य पद्धत आहे ती. माणसांना खायला घालायचं आणि एक ते नऊ गुण द्यायला सांगायचे. सबंध स्टाफला संध्याकाळी प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या जागेत बसवलं. गॅसचं भरीत अ, पऱ्हाटीचं ब. 'ब'ला सगळ्यांनी नऊ दिले. संख्याशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, सगळे आकडे सारखे आले तर मी टेस्ट कशावर लावू? हिशेबनिसांनी तेवढे आठ दिले. एक गुण ऑडिटसाठी राखून ठेवला म्हणाले.

यूसीवर सही करताना 'रक्कम ज्या कारणासाठी मंजूर झाली त्याच कारणासाठी खर्च झाली' हे वाक्य मी दोनदा वाचलं. इतक्या निर्मळ मनानं मी आजवर कुठंच सही केलेली नाही. आबा शेजारी उभे होते. स्टॉक रजिस्टरमध्ये वांग्यांपुढे 'वापरात संपली' असं लिहून त्यांनी शाई सुकू दिली आणि म्हणाले,

"सर, पुढचं प्रपोजल शेवभाजीवर टाका. तिला सीझन नसतो. मार्चमध्ये पैसे आले तरी चालते."