व्हिसाकाका

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर. जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी चौकशी करा, एक व्हिसाकाका सापडतातच. बहुधा तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ओट्यावर खुर्ची, खिशाला दोन पेनं. विमानात कधी बसलेले नाहीत. पण गावातलं पोट्टं परदेशी निघालं की पहिले पेढे बालाजीला आणि दुसरे काकांना.

हे ज्ञान त्यांना आलं कुठून? तहसीलमधूनच. सरकार कोणतंही असो, टेबल तेच, ही त्यांची ठाम श्रद्धा. अमेरिकेत उतरल्यावर प्रवाशाची नोंद होते ती आय-९४ म्हणजे काकांच्या लेखी आवक-जावक रजिस्टर. एच-१बीची सोडत म्हणजे महाडीबीटीवर ट्रॅक्टरची निघायची तीच. फक्त तिथे नाव निघालं नाही तर आमदाराकडे जाता येत नाही, हा त्यांना अमेरिकन लोकशाहीतला मोठाच दोष वाटतो. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, हे कळलं तेव्हा तर ते खुर्चीतून उठलेच. "आपला भारत अन् ते आइसलंड, दोघाइले सारखंच? म्हनजे मुंबईले अन् मानोऱ्याले एकेकच टँकर!"

पोराकडे सहा महिने राहायला जाणारे आई-बाप हे काकांचं खास खातं. अर्जदार तिथंच मुक्काम ठोकणार असं वकिलात धरूनच चालते. परत येणार हे त्यानं पटवायचं. कलम २१४(ब). कलम म्हटलं की काका सुखावतात. मुंबईच्या मुलाखतीची तालीम ओट्यावर होते, साहेब अर्थात काका.

"परत काहून येसान?"

"नातवाले पाहून झालं की..."

"चूक! नातवाचं नावच काढू नका. म्हना, सोयाबीन सोंगाले नाही आलो तं शेंगा वावरातच फुटतीन."

काचेपलीकडच्या अधिकाऱ्याला शेंगा फुटणं कितपत कळतं, देव जाणे. मिळालेल्या व्हिसाचं श्रेय मात्र सोयाबीनला जातं आणि नाकारलेल्याचं खापर बोलणाऱ्याच्या आवाजावर.

बॅग भरताना काका सगळ्यांत कडक. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, हे अगदी खरं. म्हणून नोकरीसाठी दुबईला निघालेल्या एका पोराच्या डब्यातले अनारसे त्यांनी एकेक करून ताटात काढले. चष्मा कपाळावर, नाक अनारशाला टेकलेलं. "बाई, हे अफूचंच बी हाय. एक दाना सापडला तं पोट्टं आत." माउलीनं पदरानं एक अनारसा पुसून दाखवला. काकांनी तो उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि खाऊन टाकला. जाळीत दाणे अडकतात, असा शेरा मारून बाकीचेही जप्त केले.

धीर देण्यात तर त्यांचा हात कोणी धरू नये. टोरांटोत उणे वीस? "सहा महिन्यांत करमते बाप्पा. मानूस कुठीबी रुजते."

अशा काकांच्या स्वतःच्या मुलाची बदली झाली पुसदला. एसटीनं दोनेक तास. काकांनी रात्रीचं जेवण सोडलं. जुन्या साहेबांना फोन लावले, विनंती अर्जातल्या 'वृद्ध आई-वडील' या शब्दांखाली दोनदा रेघ ओढली आणि बदली रद्द करूनच आणली. कोणीतरी विचारलंच, "काका, पोट्टे टोरांटोले धाडता, मंग पुसदचं एवढं काय?"

"अलग गोष्ट हाय ते," काका उखडले. "टोरांटोत आपल्या गावची पाच घरं हायेत. पुसदले पोट्ट्याचं कोन हाय?"