एका कढईतले तेल

जे फुकट मिळते ते उत्तमच असले पाहिजे, असा एक सिद्धांत आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आला असून, त्याच्या आधारे आजवर आमच्या घरी एक लंगडी खुर्ची, वेळ वगळता सर्व काही नीट दाखविणारे एक घड्याळ आणि पुण्याच्या भाच्याने आपल्या मोटारीसाठी आणलेल्या डब्यातून उरलेले सव्वा लिटर तेल, एवढा ऐवज जमा झाला. पैकी खुर्ची आणि घड्याळ यांनी कोणाचे फारसे वाईट केले नाही. तेलाची हकिकत मात्र निराळी आहे, आणि ती आमच्या बीबी गावातल्या चहाच्या टपरीवर, मागणी असो वा नसो, इतक्या वेळा निवेदन करावी लागली आहे, की आता ती एकदाची कागदावर उतरवून मोकळे झालेले बरे.

माझी मोटारसायकल शंभर सी.सी.ची, सेवानिवृत्तीच्या आदल्या वर्षी घेतलेली. तिच्यापूर्वी माझ्यापाशी एक लुना होती, आणि तिचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावयाचे असल्यामुळे, तेलाची निवड हा विषय मी पंपावरच्या पोराच्या मर्जीवर सोपवून निश्चिंत होतो. त्या निश्चिंतपणात भाच्याने हा डबा माझ्या हाती ठेवला. “मामा, हे फुल सिंथेटिक आहे. याहून भारी तेल नाही,” असे तो म्हणाला, तेल कशात घालावयाचे हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. डब्यावर ‘झिरो डब्ल्यू ट्वेंटी’ अशी अक्षरे होती. यातील डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा तेल कडाक्याच्या थंडीत कितपत वाहते ते सांगतो आणि दुसरा शंभर अंश उष्णतेला ते किती दाट राहते ते सांगतो, हे ज्ञान मला मागाहून झाले. वैशाखात जेथे नळाचे पाणी स्नानासाठी निराळे तापवावे लागत नाही, त्या लोणार तालुक्यात हिवाळ्याचा इतका सखोल विचार केलेले तेल बहुधा प्रथमच अवतरले असावे.

गाडीच्या पोटात जेमतेम लिटरभर तेल मावते. ते मी स्वहस्ते बदलले. पहिले काही दिवस गिअर असे पडत, की लोण्यातून सुरी फिरावी. त्या सुखाचे वर्णन मी शेजाऱ्यांपाशी केले, आणि तेच पुढे माझ्याविरुद्ध पुराव्यादाखल वापरण्यात आले.

कार्तिकातल्या एका सकाळी मेहकरच्या बालाजीच्या दर्शनास आम्ही उभयता निघालो. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातूनच गेला असला तरी त्यावर दुचाकीस मज्जाव असल्यामुळे आम्ही आपले जुन्या रस्त्याने. मेहकरच्या अलीकडे एक चढ लागला. मी मूठ पिळली, इंजिनाने असा काही हंबरडा फोडला की रस्त्याच्या कडेची वासरे उधळली, आणि वेगाच्या काट्याने मात्र, लाल फितीतल्या अर्जाप्रमाणे, जागचे हलण्याचे नाकारले. आणखी पिळावे तो आवाज आणखी वाढे. आवाजाच्या मानाने आम्ही एव्हाना मेहकर ओलांडून मालेगावच्या वाटेला लागावयास हवे होते. सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर आम्हांस मागे टाकून गेला व त्याच्या चालकाने, आजाऱ्याकडे पाहावे तसे आमच्याकडे पाहिले. तशात मागून प्रश्न आला, “अहो, आवाज एवढा येतोय, मग झाडं मागं का जाईनात?”

क्लच घसरणे या घटनेची याहून निर्दोष व्याख्या मला अद्याप कोणत्याही पुस्तकात आढळलेली नाही.

बालाजीस दुरूनच हात जोडून, उताराच्या कृपेने आम्ही बीबीस परतलो व गाडी मिस्त्रींच्या स्वाधीन केली. हे गृहस्थ बोलण्यात वऱ्हाडी आणि तपासात फौजदार आहेत. त्यांनी तेलाला एकदम हात घातला नाही. आधी क्लचच्या दांडीची ढिलाई चाचपली. कारण केबल ताणून बसविली तर दांडी न दाबताही क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात. ढिलाई बोटभर होती, म्हणजे रीतसर. मग त्यांनी विचारले, “गुरुजी, दांडी दाबून गाडी हाकता काय?” मी नकार देणार तोच सौभाग्यवतींनी साक्ष दिली, “दांडीवरची बोटं ह्यांनी कधी काढलीत? गर्दी दिसली की धरलीच!” एवढा एक आरोप शाबीत झाल्यावर मिस्त्रींनी तेलाची काडी बाहेर काढली, दोन बोटांत तेल चोळले, हुंगले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “तेल कोन्तं टाकलं होतं?”

“मोटारीचं. पण फार उंची.”

“उंची हाय, तेच तं लफडं हाय न गुरुजी!”

यानंतर त्यांनी जे समजावून दिले ते माझ्या भाषेत मांडतो. मोटारीत बहुधा क्लचचे बिऱ्हाड निराळे असते. तो कोरडा राहतो, आणि इंजिनाचे तेल त्याच्या उंबऱ्याआत येत नाही. मोटारसायकलीचे मात्र एकत्र कुटुंब. इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांचे एका कढईतल्या तेलावर चाललेले, आणि तिघांच्या आवडी परस्परविरुद्ध. इंजिनास तेल जितके निसरडे तितके हवे. गिअरचे दात त्या तेलासही चावतात, तेव्हा चावून पातळ होणार नाही असे चिवट तेल त्यांस हवे. आणि क्लचचा तर सारा योगक्षेम घर्षणावर; स्प्रिंगांच्या दाबाखाली त्याच्या प्लेटा एकमेकींस घट्ट धरून राहतात म्हणूनच इंजिनाचा हुकूम चाकापर्यंत रुजू होतो. अशा घरात, पेट्रोल वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारीचे तेल ओतणे म्हणजे सासूचे पथ्य साऱ्या कुटुंबास लागू करण्यासारखे आहे.

मिस्त्रींनी उजव्या बाजूचे झाकण उघडले आणि प्लेटा एकेक करून वर्तमानपत्रावर मांडल्या. पापडाएवढ्या चकत्या, मध्ये भोक, कडेला दाते, अंगावर कॉर्कसारख्या तपकिरी तुकड्यांची पंगत. नव्या प्लेटेवर ते तुकडे खरखरीत व मंद रंगाचे असतात. माझ्या प्लेटांवरचे काळवंडून असे चकाकत होते, की मला एकाएकी सातवीच्या वर्गातला फळा आठवला. वर्षानुवर्षे पुसून पुसून त्याला अशी झिलई चढली होती, की खडू कितीही दाबला तरी केवळ किंचाळे, अक्षर उमटत नसे. इंजिनाचा हंबरडा आणि तो खडूचा चीत्कार यांचे सख्खे नाते मला त्या क्षणी कळले. तेल वेळीच बदलले असते तर कदाचित प्लेटा वाचल्याही असत्या. पण चढावर मी मूठ पिळत राहिलो तेव्हाच त्यांचा निकाल लागला होता.

तसे पाहता आमचा तालुका निसरडेपणास अनोळखी नव्हे. लोणारच्या सरोवराचे खारे पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते, आणि काच व साबण यांची सामग्री येथे मिळते, अशी नोंद अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त करून ठेवली आहे. परंतु निसरडेपणाची प्रतवारी लावण्याचे काम अकबराच्या दप्तराने केले नाही. ते जपानने केले. मोटारींची तेले इंधनबचतीच्या नादी लागून मोटारसायकलींचे क्लच सोडवू लागली, तेव्हा 1998 साली तेथील ‘जासो’ या मानकसंस्थेने टी-903 नावाचे मानक काढले. प्लेटा तेलात फिरवून, त्या कितपत धरतात आणि थांबावयास किती वेळ घेतात हे यंत्रावर मोजावयाचे, व त्यावरून जात ठरवावयाची: धरणारे तेल एम.ए., घसरू देणारे एम.बी. 2006 साली एम.ए.मध्येही दोन पोटभेद झाले, त्यांपैकी एम.ए.2 अधिक घट्ट धरणारे. एम.बी. हेही काही अधम नव्हे; ज्या स्कूटरींचा क्लच कोरडा असतो त्यांस ते मानवते.

हे सर्व डब्याच्या पाठीमागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, एका लहानशा चौकटीत लिहिलेले असते. नव्या तेलासाठी मी दुकानात गेलो तो भिंग घेऊनच. समोर वाघाचे, विजेचे, पर्वताचे चित्र. त्यास मी भुललो नाही. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका मी पेटीतून प्रथमच काढली होती; तीत ‘टेन डब्ल्यू थर्टी’ हा दाटपणा स्पष्ट नमूद होता. भिंगातून चौकट न्याहाळली, एम.ए. ही अक्षरे रुजुवात केली, आणि गोलाकार शिक्क्याच्या खालच्या अर्धवर्तुळात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे इंधनबचतीचे बिरुद नाही ना, याचीही खातरजमा केली. कारण हे बिरुद ज्या तेलावर असते ते आमच्या एकत्र कुटुंबास सोसत नाही. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका तरुणाने दुकानदारास विचारले, “हे काका डबा घेऊन रायले का त्याची जमीन मोजून रायले?” मी उत्तर दिले नाही. किंमत, सांगावयास हरकत नाही, भाच्याच्या तेलाहून पुष्कळच कमी होती.

नव्या प्लेटा बसविण्यापूर्वी मिस्त्रींनी त्या स्टीलच्या वाडग्यात, याच नव्या तेलात बुडवून ठेवल्या. कोरड्या बसविल्या तर पहिल्याच फेरीत करपतात, असे त्यांचे म्हणणे. कैरीच्या फोडी मुरत घालाव्यात तशा त्या वाडग्यात मुरत पडल्या असता आम्ही दोघांनी चहा घेतला, आणि दुसरा घेतला, आणि संध्याकाळी गाडी घरी आली. पुढच्या रविवारी त्याच चढावर झाडे व्यवस्थित मागे गेली.

डब्याच्या तळाशी पावशेरभर उंची तेल शिल्लक होते. ते फेकून देणे घराण्याच्या सिद्धांतास मंजूर नसल्यामुळे सौभाग्यवतींनी ते परसदाराच्या वरच्या कडीस घातले. ही कडी वीस वर्षे गंजून बसली होती आणि वर सरकविण्यास दोन्ही हात लागत. आता ती एका बोटाने वर जाते, आणि कोणी हात न लावता खालीही येते. काल दुपारी शेजारची शेळी आत येऊन कोथिंबिरीचा अख्खा वाफा खाऊन गेली.