कूलरसमोरच्या खुर्चीस अनावृत पत्र

प्रति,
कूलरसमोरील खुर्ची,
कोणतंही सरकारी कार्यालय, जळगाव आणि धुळे

महोदया, स. न. वि. वि.

मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांना टेकला की कचेरीत आपल्याइतका मान कुणालाच नसतो. साहेब बदलतात, कूलरच्या जाळीसमोरचं आपलं स्थान अढळ राहतं. आपल्यावर बसणाऱ्याची मान आखडते, त्याच्या फायली पेपरवेटखालीही फडफडतात. आणि कोपऱ्यातल्या कारकुनाचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असतो. आपल्या दरबारात यावर एकच उपाय निघतो, आणखी एक कूलर मागवा. मुळात निदानच चुकलं आहे. गारवा कमी नाही. खोलीतल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही.

हिशेब पाहा. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या गवतातून ओढलेली हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. बऱ्यापैकी कूलर ती २८ च्या आसपास आणतो. खान्देशचं कोरडं ऊनच इथे आपलं भांडवल आहे. पण दारं-खिडक्या लावून कूलर खोलीच्या मधोमध उभा केला की तो तीच ओली हवा घुसळत बसतो. दमटपणा वाढतो, गवतातलं पाणी नीट उडत नाही, अंगावरचा घामही वाळत नाही, आणि वैशाखातच आषाढाची चिकचिक सुरू होते. कूलरची पाठ खिडकीबाहेर आणि समोरच्या भिंतीची खिडकी वीतभर उघडी ठेवली, तर वारा कोपऱ्यातल्या टेबलावरून वाट काढत जाईल. हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. धाब्याच्या घरांत छताला भोक ठेवत, ते धूर आणि उजेडाबरोबर उकाड्यासाठीही होतं.

आपण म्हणाल, खिडकी उघडली तर झळा आत येतील. येणार नाहीत. कूलर बाहेरची हवा आत ढकलत असतो, त्यामुळे फटीतून वारा बाहेरच जातो. शंका असल्यास फटीपाशी उदबत्ती धरावी, धूर कुठे जातो ते दिसेल. दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो धुळ्या-जळगावात हसण्यावारी नेता येत नाही. खिडकी उघडल्यावर पाणी जास्त उडेल, हे खरं. पण उडालेलं पाणीच गारवा देतं. बंद खोलीत पाणी वाचतं तेव्हा गारवाही वाचतो, फक्त विजेचं बिल वाचत नाही. राहिला एसीचा दाखला. त्याला बंद खोली लागते म्हणून कूलरलाही लागते, हा समज म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला पाजणं आहे.

तरी समोरची खिडकी वीतभर उघडण्याचा आदेश व्हावा, ही विनंती. यासाठी निविदा काढावी लागत नाही, कदाचित तीच खरी अडचण असावी.

आपला नम्र,
कोपऱ्यातल्या टेबलाचा हितचिंतक